जात्याचा खुंटा

गोकुळने जात्याचा खुंटा उपसला, तेव्हा आपण काही वावगं करतोय असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. जातं गोठ्याच्या भिंतीशी कैक वर्षं पडून होतं. गावात गिरणी असताना जात्यावर दळतंय कोण? त्याला फक्त लाकूड हवं होतं. जुनं, मुरलेलं, वीतभर लाकूड.

गोकुळ राजुरीचा. आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. मागच्या वर्षी त्याने आणि त्याचा मित्र स्वराजने मोबाईलवर लाकडाची पेनं करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला, आणि दोघांनी मिळून एक छोटं लेथ मशीन मागवलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ते बसवलं. लाकूड फिरवायचं, पटाशीने सोलायचं, मधून भोक पाडून पितळी नळी बसवायची, की झालं पेन. व्हिडिओत तरी एवढंच होतं. पहिलं पेन आंब्याच्या ओल्या लाकडाचं केलं, ते तिसऱ्या दिवशी उभं तडकलं. दुसरं इतकं जाड झालं, की त्याने लिहिण्यापेक्षा मिरच्या कुटाव्यात. तरी नाद सुटला नाही. हळूहळू गावातली आणखी तीन-चार पोरं यायला लागली. गोकुळची बहीण हर्षालीही रविवारी पॉलिश पेपर घासायला बसायची. मोबाईल बाजूला ठेवून पोरं लाकडाच्या भुशात माखून घेतात, हे बघून म्हातारी माणसं आधी हसली आणि मग त्यांनी पोरांचा नाद सोडला.

हर्षालीचं लग्न ठरलं. मुलगा घोडेगावच्या शाळेत मास्तर. साखरपुड्याला होणाऱ्या दाजींना आपल्या हातचं पेन द्यायचं, असं गोकुळने मनाशी पक्कं केलं. ते तडकून चालणार नव्हतं. म्हणून नजर खुंट्यावर गेली.

खुंटा आतून निघाला तो गुळाच्या रंगाचा, काळसर रेघांचा. कुठं चीर नाही की गाठ नाही. साखरपुड्यात ते पेन देताना गोकुळला राहवलं नाही आणि तो चार माणसांत बोलून गेला, की हे आमच्या घरचं लाकूड आहे, चार पिढ्यांचे हात लागलेत याला. मास्तरांनी पेन कपाळाला लावून खिशाला अडकवलं. गोकुळच्या आईने, सरूबाईने, डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, पोराने पडवीच्या जुन्या चौकटीचा तुकडा घेतला असेल. कुठलं लाकूड, हे तिने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

लग्नाला दोन दिवस उरले आणि हळद दळायची सकाळ उजाडली. गिरण्या कितीही होवोत, लग्नाची हळद जात्यावरच दळायची असते. बायकांनी जातं धुतलं, अंगणात पोत्यावर मांडलं. आता खुंट्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधायची, म्हणून सरूबाईने हात घातला, तर तिथं नुसतं भोक.

गोठा झाला, माळा झाला, सरपण उपसून झालं. खुंटा काही मिळेना. मग सरूबाईची नजर हळूच तिच्या धाकट्या जावेकडे, झुंबरबाईकडे वळली.

या दोघींचं बारा वर्षांपूर्वीचं दुखणं होतं. भाऊभाऊ वेगळे झाले तेव्हा सासूचं जातं कुणी घ्यायचं, यावरून वाद झाला. ते सरूबाईला गेलं आणि बोलणं बंद झालं. दोन्ही दारांत पंधरा पावलांचं अंतर, पण हळदीकुंकवालासुद्धा कुणी कुणाकडे जात नव्हतं. हर्षालीचं ठरल्यावर मात्र झुंबरबाई आपण होऊन आली होती. पापड लाटले, गहू निवडले, रुखवताला बसली. पुतणीच्या लग्नाने घर पुन्हा सांधलं, असं सगळ्यांना वाटत होतं.

सरूबाई म्हणाली, "ज्याला जातं न्हाई मिळालं, त्याला खुंटा तरी पायजे व्हता आसंल."

नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण झुंबरबाईने हातातलं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि चपला पायात सरकवल्या.

गोकुळ तेव्हा शिडीवर चढून दाराला तोरण बांधत होता. गप्प बसला असता तरी चाललं असतं. खुंटा पेनात जाईल हे अंगणात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण शिडी धरून उभ्या असलेल्या स्वराजने वर पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. शिडी जराशी हलली. आणि तिकडे काकी फाटकापर्यंत पोहोचली होती.

गोकुळ खाली उतरला. "आई, खुंटा काकीनं न्हाई नेला. मी नेला. त्याचं पेन झालं."

"कोनचं पेन?"

"दाजींच्या खिशातलं."

सरूबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जात्यापाशी खाली बसली आणि रिकाम्या भोकावरून बोट फिरवत राहिली.

"माझ्या सासूचा हात व्हता रं त्याला," ती म्हणाली. "शेवटच्या दिसापत्तुर ती त्याला धरून बसायची."

गोकुळला तोंड कुठं लपवावं कळेना. आईला असं बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

फाटकातून झुंबरबाई परत आली. चपला काढल्या. मग तिने जे सांगितलं, ते ती पंचवीस वर्षं पोटात ठेवून होती. ती नवी नवरी असताना दळता दळता सासूचा खरा खुंटा तिच्या हातात मोडला. सासूपेक्षा थोरल्या जावेची भीती जास्त. म्हणून तिने मोरीतल्या, गोधड्या बडवून धुवायच्या धोपटण्याची मूठ कापली आणि तीच जात्यात ठोकून बसवली. सासूला ते कळलं होतं. तिने कुणाला सांगितलं नाही, एवढाच तिचा उपकार.

"त्या जात्याचा मला कशाला लोभ, आक्का," झुंबरबाई म्हणाली. "तुमच्याकडं गेलं आन कुनी खुंटा काढून बघितला तर, म्हनून मी मागत व्हते."

सरूबाईने मान वर केली. "म्हंजी माझं धोपटनं तू नेलंवतंस?"

"व्हय."

"तीन दिस हुडकत व्हते मी त्ये. शेजारच्या बनाबाईला नाय नाय ते बोलले."

हळद दळायला बोलावलेल्या पाच सुवासिनींत बनाबाईही होती; ती म्हणाली, की ते तिच्या अजून ध्यानात आहे. मग आधी सरूबाईला हसू फुटलं, मागोमाग झुंबरबाईला, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं. सरूबाईने पोत्यावर सरकून शेजारी जागा केली.

गोकुळला मात्र हसू येईना. मास्तरांच्या खिशात चार पिढ्यांचे हात नसून चार पिढ्यांच्या गोधड्या आहेत, हे आता त्यांना सांगायचं कुणी? हर्षालीने तिथूनच फोन लावला. मास्तर म्हणाले, शाळेत सगळ्या वर्गांना मी ती गोष्ट सांगून बसलोय, आता ती बदलायला लावू नका.

हळद दळायच्या मुहूर्ताला अजून तासभर होता. गोकुळ आणि स्वराज मोटारीच्या खोलीकडे पळाले. मोडक्या नांगराचा बाभळीचा तुकडा होता, तो त्यांनी लेथवर चढवला. गोकुळने त्या तासात जीव ओतला. मधे थोडा फुगवटा, वर गोल माथा, गळ्याशी दोन बारीक कंगोरे. मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मेण लावून कापडाने अशी चकाकी आणली, की त्यात स्वतःचं नाक दिसावं. असं काम त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

खुंटा भोकात चपखल बसला. हळकुंड बांधलं. दोघी जावांनी एकत्र हात घातला, ओवी सुरू झाली आणि दुसऱ्याच फेऱ्याला झुंबरबाईचा हात गुळगुळीत खुंट्यावरून निसटून ती मागच्या मागे बनाबाईच्या मांडीत कलंडली. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. सरूबाईने खुंटा निरखून पाहिला.

"लई देखना झालाय," ती म्हणाली, आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने तो खालपासून वरपर्यंत गच्च गुंडाळून टाकला. मग हळद दळली गेली.

लग्नाच्या व्हिडिओत हळद दळण्याचा भाग चांगला चार मिनिटांचा आहे. घरी पाहुणा आला, की आपलं काम दाखवायला गोकुळ तेवढाच लावतो. पाहुणा सगळं बघतो आणि शेवटी विचारतो, "यात तुमचं काम कोनचं, भाऊ?"

गोकुळ पडद्यावर बोट ठेवतो. "त्या चिंधीच्या आत."