आगट्यांचा आडवा दांडा

कढीचं पातेलं मांडीवर घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसायला कल्पनानं साफ नकार दिला होता. तरी रविवारी सकाळी ती बसलीच. कारण मुरलीधर आगटे रुसून गप्प बसला, की फरीदाबादच्या त्या फ्लॅटमध्ये सुतक आल्यासारखं वाटायचं.

मुरलीधर तिथल्याच एका स्प्रिंगच्या कारखान्यात इंजिनीअर होता. देशात नव्या गाड्या आल्या, तशी त्यानंही हप्त्यावर एक छोटी गाडी घेतली. ती वळणावर डुलते, हे त्याला पहिल्याच दिवशी खटकलं. शेजाऱ्यांच्या गाड्याही डुलत होत्या, पण ते एसीच्या वाऱ्यात सुखी होते. मुरलीधरला सुखी राहण्याची सवय नव्हती. वर्षभर खपून त्यानं एक लोखंडी आडवा दांडा बनवला. तो डिकीत, दोन्ही चाकांच्या वरच्या अंगाला जोडायचा. मधला नट आवळला की दांडा दोन्ही बाजू आत ओढून धरी आणि गाडीचं अंग ताठ राही.

दुपारी करोल बागेतले पार्ट्‌सचे व्यापारी सब्बरवाल दांडा बघायला येणार होते. त्यांनी तो दुकानात ठेवला, तर 'हे मी केलं' असं मुरलीधरला जन्मात पहिल्यांदा म्हणता येणार होतं. कारखान्यात त्यानं केलेलं सगळं शेवटी साहेबांनी केलेलं ठरत असे.

"कढी सांडली नाही, की दांडा पास," त्यानं जाहीर केलं. मेकॅनिक बनवारी पाना घेऊन गेटपाशी थांबला.

गोलचक्कराला फेरी मारून गाडी परत आली, तोवर बरीच कढी कल्पनाच्या साडीवर होती. बनवारीनं डिकी उघडली. मुरलीधरनं पुढूनच मान वळवून बायकोला विचारलं, "बोल, कसा?"

दांडा कसा वाटला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण बनवारीच्या हिंदीत 'कसा' म्हणजे 'आवळला का?' साहेब विचारतायत आणि आपण नुसते उभे! त्यानं घाईघाईनं नटाला एक पीळ दिला. "जी साब."

"दांडा राहू द्या, माझी साडी बघा," कल्पना म्हणाली.

दुसऱ्या फेरीत कढी कमी सांडली. "आता कसा?"

"जी साब," मागून आवाज आला.

"आधीपेक्षा बरा आहे हो," कल्पनालाही नवल वाटलं.

"लोखंड बसतंय. त्याला वेळ द्यावा लागतो," मुरलीधर एखाद्या वैद्याच्या थाटात म्हणाला. मग दर फेरीनंतर त्याचा उत्साह वाढत गेला. "कसा? अगं, सांग ना, कसा?" अशा वेळी बनवारी बिचारा दोन-दोन पीळ देई. शेवटी कढी विरजणासारखी निश्चल झाली. दोन्ही बाजू मात्र इतक्या आत ओढल्या गेल्या, की डिकी बनवारीला वर बसूनच लावावी लागली.

सब्बरवाल आले, फेरी मारून आले, आणि म्हणाले, "बढिया है. अब चीज दिखाओ."

डिकी उघडेना. मुरलीधरनं किल्ली फिरवली, बनवारीनं ओढलं, सब्बरवालांनी बंपरला पाय लावून जोर केला. शेवटी बनवारी मागच्या सीटवरून आत उतरला. मुरलीधरनं घाबऱ्या घाबऱ्या काचेला नाक लावलं आणि नको तेच विचारलं, "अरे, कसा झालाय?"

आतून नट करकरला. "कस दिया, साब."

"क्यों कस दिया?"

"आप ही तो बोल रहे हो. सुबह से कस ही रहा हूँ."

कल्पनाला आधी समजलं. ती हसत हसत फुटपाथवरच बसली. मुरलीधरला हसू येईना. वर्षभराची मेहनत एका मराठी शब्दानं पिळून काढली होती.

सब्बरवाल मात्र डिकीकडे डोळे भरून बघत होते. "आगटेजी, पिछले महीने मेरी डिकी से स्टेपनी ले गए. यह तो चोर का बाप भी नहीं खोलेगा."

"पण सब्बरवालजी, ये वळण के लिए है... मतलब, मोड के लिए."

"मोड को दिल्ली में कौन पूछता है? मालिक के लिए अंदर एक हँडल लगा दो. उल्टा घुमाए तो खुल जाए. बाकी मुझ पर छोडो."

मुरलीधरनं हँडल लावलं. दांडा 'स्टेपनी रक्षक' म्हणून खपू लागला. लोक दुकानात त्याचं कौतुक करत, आणि घरी मुरलीधर चहा गार करत बसे. चोरांसाठी आपण एवढं लोखंड झिजवलं, हे त्याला खरोखरच लागलं होतं.

एका संध्याकाळी सब्बरवालांचा फोन आला. आवाज ओशाळा होता. "आगटेजी, एक शिकायत है. ग्राहक कहता है, पहले बच्चा मोड पर झूलते-झूलते सो जाता था. आपका डंडा लगाया, तब से गाडी झूलती ही नहीं. बच्चा सारे रास्ते जागता है."

मुरलीधरनं खुर्ची ओढून घेतली.

"जरा फिर से बोलिए," तो म्हणाला, आणि हातानं खुणा करून त्यानं कल्पनाला फोनपाशी बोलावलं.