मापकाकांचं कुरूप

मंगळवारी सकाळी डाव्या बुटात पाय घालताना मापकाकांनी एक निर्णय घेतला. करंगळीशेजारी झालेल्या कुरुपाबद्दल कुणालाही अवाक्षर सांगायचं नाही, घरच्या घरी त्याचा निकाल लावायचा. निर्णय तसा लहानच होता. कुरूपही मसुराच्या दाण्याएवढंच होतं.

एखाद्या शिक्षकाला किंवा शिंप्याला कुरूप झालं असतं, तर त्यानं चार लोकांना दाखवून सहानुभूती तरी गोळा केली असती. पण मापकाका चपलाबुटांच्या दुकानात कामाला होते, आणि तेही तीस वर्षं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या पायाचा नंबर त्यांनी मनात ठरवलेला असायचा. भिंतीला टांगलेली पत्र्याची मापपट्टी त्यांनी शेवटची कधी काढली होती, ते मालकांनाही आठवत नव्हतं. कुणी म्हणालं, "जरा दाबतोय हो," की काका उकिडवे बसून बुटाच्या टोकावर अंगठा दाबत आणि शांतपणे सांगत, "आठ दिवसांत सैल होतील." त्या सुरात असा काही भरवसा असायचा की गिऱ्हाईक मान डोलावून डबा घेऊन जायचं. (आठ दिवसांनी त्यातले किती जण तक्रार घेऊन परत येत? फारसे नाही. त्यांना चालवत नसेल, हा विचार काकांच्या मनात कधी आला नाही.)

अशा माणसाच्या पायाला बूट चावून कुरूप व्हावं, ही बातमी दुकानात फुटली तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पण खरी पंचाईत दुकानात नव्हती, घरी होती. रोज संध्याकाळी काका आणि त्यांची बायको फिरायला जात. मोठ्या रस्त्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, पाऊण तास. लग्न झालेल्या मुलीचा फोन, शेजाऱ्यांचं भांडण, गुडघे, गॅस सिलेंडर, सगळं या पाऊण तासात बोलून व्हायचं. घरात दोघांचं बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि "वाढ." रस्त्यावर मात्र बायको बोलत सुटायची आणि काका ऐकत चालायचे. दिवसभर लोकांच्या पायांशी बसून झाल्यावर कुणीतरी आपल्या बरोबरीनं चालतंय, याचं त्यांना फार सुख वाटे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

त्या मंगळवारी संध्याकाळी ते म्हणाले, "आज नको. दमलोय."

"बरं," बायको म्हणाली.

बुधवारी दुकानात माल आला होता. गुरुवारी पोट जड होतं. शुक्रवारी त्यांना कारण सुचेना, म्हणून त्यांनी नुसतंच "आज..." म्हटलं, तर बायको वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "बरं."

आता काकांना ते "बरं" कुरुपापेक्षा जास्त टोचायला लागलं. माणसानं एकदा तरी आग्रह करावा की नाही? निदान "का हो?" एवढं तरी विचारावं! सव्वीस वर्षं बरोबर चालल्यावर हिला आपल्याशिवाय इतकं सहज जमतं? कुरूप लवकर घालवलं नाही, तर फिरणं कायमचं सुटेल आणि फिरण्याबरोबर बोलणंही, अशी त्यांना खरोखर धास्ती वाटायला लागली.

मग उपचार सुरू झाले. पहिला उपाय, गरम पाणी आणि मीठ. शनिवारी काका न्हाणीघराचं दार लावून बादलीत पाय सोडून बसले.

"अहो, किती वेळ? आत काय करताय?"

"विचार करतोय."

"बाहेर येऊन करा. मला कपडे भिजवायचेत. आणि मिठाचा डबा कुठे गेला?"

मिठाचा डबा काकांच्या मांडीवर होता. तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून बाहेर आणला आणि संधी साधून फळीवर ठेवला. त्या दिवशी डब्याला साबणाचा वास का येतो, यावर बायकोनं बराच विचार केला.

दुसरा उपाय, वजरी. बायको टाचा घासायची ती वजरी घेऊन काकांनी कुरूप असं काही घासलं की कुरूप जागच्या जागी राहिलं आणि आजूबाजूची धडधाकट कातडी तेवढी निघाली. मग मात्र ते हार मानून औषधांच्या दुकानात गेले.

"कुरुपाच्या पट्ट्या द्या. एका गिऱ्हाइकाला हव्यात."

औषधवाल्यानं काउंटरवरून वाकून खाली पाहिलं. "गिऱ्हाइकाला म्हणावं, औषध बरोबर कुरुपावरच बसलं पाहिजे. आणि डावा पाय इतका तिरका टाकायचा नाही."

पाकिटात आठ पट्ट्या होत्या. मधोमध औषधाचा ठिपका, भोवती लोकरीची गोल कडी. काकांनी पाकीट पॉलिशच्या रिकाम्या डबीत लपवलं. ती डबी त्यांच्याशिवाय कुणी उघडत नाही, अशी त्यांची समजूत होती. पट्टी चिकटवायची, त्यावर मोजा, त्यावर बूट. दुपारपर्यंत पट्टी सरकून शेजारच्या बोटावर जायची, आणि ते बोट पांढरं पडायचं. एक नवल मात्र होतं. तीन पट्ट्या वापरून झाल्या तेव्हा डबीत पाच उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या तीन. 'वय झालं,' काका स्वतःशी म्हणाले. 'आता आठपर्यंतसुद्धा मोजता येत नाही.'

तीन आठवडे असे गेले. एकदा दुपारी मालक जेवायला गेले होते आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. काकांनी स्वतःला सांगितलं की नव्या मालाची तपासणी करणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि चालायच्या बुटांचा एक तपकिरी जोड काढला. आठ नंबरचा. खरं तर त्यांचा नंबर सात. लग्नात सात होता, म्हणजे सातच. त्यांनी मोजे काढून आठ नंबरात पाय घातले, आरशापर्यंत चालत गेले, परत आले. पुन्हा गेले. कुठेच काही दुखलं नाही. तीन आठवड्यांत प्रथमच जमीन जमिनीसारखी लागली.

कुणीही शहाण्या माणसानं यातून जो निष्कर्ष काढला असता, तो काकांनी काढला नाही. ते म्हणाले, "कंपनी मापं चुकीची पाडायला लागली. आठ म्हणून सात घातलाय." तेवढ्यात मालकांची चाहूल लागली. काकांनी घाईघाईनं बूट काढले, आत कागदाचे बोळे कोंबले आणि डबा जागेवर ठेवला. पायाची पट्टी पायाला नाही, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं. वाटेत कुठेतरी पडली असेल, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

शनिवारी काका शिडी लावून पोटमाळ्यावर डबे रचत होते, तेव्हा खालून ओळखीचा आवाज आला.

"फिरायला जायचे बूट दाखवा. आमच्या ह्यांच्यासाठी."

"वहिनी, तुम्ही!" मालक म्हणाले. "सात नंबर ना?"

"सात ते सांगतात. तुम्ही आठ काढा."

"अहो, पण काका स्वतः..."

"रोज आंघोळ करून बाहेर येतात तेव्हा फरशीवर ओला पाय उमटतो. पुसायला मीच असते ना? काल पुसायच्या आधी दोरा लावून मापला." बायकोनं पर्समधून पांढरा दोरा काढला. दोन्ही टोकांना गाठी होत्या.

मालकांनी भिंतीवरची मापपट्टी उतरवली, तिच्यावरची धूळ फुंकली, दोरा लावला. आठ. गाठ किंचित पुढेच गेली होती.

वर काका हातातला डबा तसाच धरून ऐकत होते. मालकांनी तपकिरी जोड काढला, कागदाचा बोळा ओढायला डाव्या बुटात हात घातला आणि हात बाहेर काढून झटकायला सुरुवात केली. बोटाला काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं ओढलं, तर ते दुसऱ्या हाताला चिकटलं.

"हे काय आहे?"

बायकोनं चष्मा लावून पाहिलं. "कुरुपाची पट्टी."

"कोरा जोड आहे हो हा! कुणाची असणार?"

"ओळखीची वाटतेय," बायको म्हणाली आणि तिनं सावकाश पोटमाळ्याकडे पाहिलं. "या खाली."

काका खाली आले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर कुरूप नेमकं दाबलं गेलं आणि तोंडून "आई गं" निघालं, त्यामुळे नाकबूल करायला काही उरलं नाही. तीस वर्षांत प्रथमच त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवण्यात आलं, आणि मालक त्यांच्या पायाशी मापपट्टी घेऊन बसले.

"काका, आठच्या वर आहे की! तुम्ही इतकी वर्षं सात घालताय?"

"लग्नात सात होता."

"लग्नात माझी कंबर अठ्ठावीस होती," मालक म्हणाले. त्यावर दुकानातलं एक गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. पायात बूट कच्च बसलेलं तेच गिऱ्हाईक मग हळूच म्हणालं, "मलाही जरा मापून द्या." काकांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बायको हसली नाही. तिनं त्यांचं पांढरं पडलेलं बोट पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांना दाखवू. पुरे झाला घरचा दवाखाना."

संध्याकाळी काका नवे बूट घालून दारात उभे राहिले. "येतेस?" त्यांनी विचारलं. बायकोनं क्षणभर विचार केला, असं त्यांना वाटलं. मग ती सँडल घालून निघाली. त्या सँडल काकांनीच दोन वर्षांपूर्वी आणल्या होत्या. नजरेनंच माप ठरवून, पाच नंबर.

चालताना काकांना इतकं बरं वाटत होतं की आज तेच बोलत होते. बायको ऐकत होती. नाक्यावरचं गॅरेज गेलं, शाळेची भिंत गेली, आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच बोलतोय. त्यांनी मागे पाहिलं. बायको विजेच्या खांबाला हात लावून उभी होती.

"काय गं?"

"काही नाही. दमले."

हा शब्द काकांच्या चांगला ओळखीचा होता. ते परत आले आणि त्यांनी खाली पाहिलं. दिवसभर अख्ख्या गावाचे पाय बघणाऱ्या या माणसानं आपल्या बायकोचे पाय दोन वर्षांत पाहिले नव्हते. सँडलच्या पट्ट्याखालून लोकरीच्या गोल कडीची कड डोकावत होती.

पाकिटातल्या दोन पट्ट्यांचा पत्ता लागला.

शाळेच्या फाटकाजवळ दगडी कट्टा होता. तिथे त्यांनी तिला बसवलं.

"कधीपासून?"

"तुम्ही ह्या आणल्यात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, आठ दिवसांत सैल होतील."

काका तिच्या शेजारी कट्ट्यावर टेकले. ते म्हणाले, "आणि मला वाटलं, तुला माझ्याबरोबर यायचा कंटाळा आलाय. मी नको म्हटलं की लगेच 'बरं' म्हणायचीस."

"बरं वाटायचं म्हणून म्हणायची! सुटला आजचा दिवस, असं पायाला व्हायचं. पण पाय सुटला तरी बोलायचं सगळं साठून राहायला लागलं. भांडी घासताना कुणाशी बोलणार? त्यात एक दिवस पॉलिशच्या डबीत तुमचं पाकीट सापडलं. म्हटलं, निदान एकाचे तरी पाय धड करू."

काकांना भरून आलं. दोन वर्षं ही बाई आपल्या एका वाक्याच्या भरवशावर दुखऱ्या पायानं आपल्या बरोबरीनं चालत होती, आणि आपण त्याला सुख म्हणत होतो. याची त्यांना मनापासून लाज वाटली. रस्त्यावर माणसं येत-जात होती. तरी ते दुकानात बसतात तसे उकिडवे बसले, तिची सँडल काढली, पाय तळहातावर घेतला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"पाच नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "साडेपाच. नाही, सहा. चुकलं तर नाव लावणार नाही."

बायकोनं पर्स उघडली, गाठी मारलेला दोरा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"मापा," ती म्हणाली.