गुहाबाजाराची हवा पहिली आली

मुलांनो, हवा परीक्षेत पहिली आल्याचं कधी ऐकलंय का?

एका जंगलात ती आली. तिथे तरसशेठची भली मोठी गुहा होती आणि गुहेत ओळीने दुकानं. अगदी शेवटचं दुकान साळूबाई साळिंदरीचं. ती कंदमुळं विकायची. तिच्या भिंतीला बारा महिने ओल. ओलीवर काळी बुरशी. आणि भिंतीलगत टोपलीत निजलेली तिची लेक काटू खोकून खोकून बेजार.

"शेठ, भिंतीचं बघा की," साळूबाई म्हणायची.

"भिंत कुठे खोकते, साळूबाई? खोकते तुमची पोर!"

पुढे शेजारचा ससा खोकू लागला. मग गिऱ्हाइकंही खोकू लागली. तेव्हा कुठे तरसशेठने पलीकडच्या जंगलातून मुंगूसरावांना बोलावलं. ते हवा बाटलीत भरत आणि तिच्यात काय बिघडलंय ते सांगत.

साळूबाईला हायसं वाटलं. ते यायच्या दिवशी तिने भिंत मुद्दाम पुसली नाही.

पण जंगलाची रीत अशी, की सत्कार झाल्याशिवाय पाहुण्याने उंबरा ओलांडायचा नाही. बाहेर जांभळीखाली मांडव उभा राहिला. वारा कसा झुळझुळ वाहत होता. शाल झाली, नारळ झाला. रेडेसाहेब "दोनच शब्द बोलतो" म्हणून उभे राहिले. ऊन उतरलं, तरी त्यांचा पहिला शब्द संपेना.

शेवटी काटे सांभाळत, लेकीला कडेवर घेऊन साळूबाई पुढे झाली.

"भाऊ, आता आत चला ना. माझ्या भिंतीपाशी एक तरी बाटली भरा."

मुंगूसरावांनी शाल सावरली. "ताई, आत आलो तर शालीला वास लागेल हो. आणि आत तरी दुसरी कुठली हवा असणार? इथलीच जाते ना!"

त्यांनी मांडवातच बाटल्या भरल्या. हुंगून पाहिल्या. "अहाहा! अशी हवा सात जंगलांत नाही!"

टाळ्या पडल्या. तरसशेठने त्यांचं प्रमाणपत्र आत नेऊन नेमकं बुरशीवर टांगलं आणि तो मांडवात परतला.

"ऐकलंत ना, साळूबाई? आता पोरीला घरी ठेवा. पास झालेल्या बाजारात खोकलेलं चालणार नाही."

घरी तिला बघणार कोण? साळूबाईचे डोळे भरून आले. तिने खाली पाहिलं, तर काटू तिच्या कडेवर गाढ झोपली होती. मांडवात आल्यापासून ती एकदाही खोकली नव्हती.

"शेठ, ही पास झालेली हवा आपल्या बाजाराचीच ना?"

"म्हणजे काय! शंभर टक्के!"

"मग बाजार इथंच म्हणायचा?"

"अर्थात!" टाळ्यांच्या भरात शेठ चारचौघांत बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईने मांडवात दुकान मांडलं, तिच्यामागून बाकीचे दुकानदारही आले, आणि गुहेत एकटं प्रमाणपत्र उरलं.

तात्पर्य: हवा बिघडली तर उगाच भिंत दुरुस्त करत बसू नये. मांडव मोठा घालावा.