देवळामागून येणारं स्तोत्र

"आता तुम्ही एक गाणं म्हणा," कृष्णवेणी मामी म्हणाल्या, आणि यामिनीच्या हातातला सुंडलचा द्रोण तिरका होऊन दोन हरभरे तिच्या नव्या साडीवर घरंगळले.

कोलूला जायचं म्हणून यामिनीनं सगळी तयारी केली होती. पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांकडे पाहून काय बोलायचं, कुंकू कुठल्या बोटानं लावायचं, लेकाची, अनयची, जादा चड्डी पर्समध्ये कुठे ठेवायची, सगळं. पण चेन्नईत नवरात्रात कोलू बघायला आलेल्या बाईला गायलाच लागतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मघाशी एका आजींनी तर दात नसताना दोन कडवी म्हटली होती.

"मला येत नाही हो," ती म्हणाली.

"असं कसं? प्रत्येकाला एक तरी येतंच," मामींनी इंग्रजीत निकाल दिला.

समोर कीर्तना बसली होती, आणि खरी अडचण ती होती. बिल्डिंगमधल्या मुलांचा संध्याकाळचा सगळा कळप कीर्तनाच्या ताब्यात. कोणाला घसरगुंडीवर घ्यायचं, कोणाला वाढदिवसाला बोलवायचं, ते तिच्या घरून ठरे. यामिनीला इथे येऊन चार महिने झाले होते आणि चार महिने अनय पार्किंगच्या खांबाआडून दुसऱ्यांचा खेळ बघत होता. 'कोलूत भेटू या,' असं कीर्तना लिफ्टमध्ये म्हणाली, त्या एका वाक्यावर यामिनी आठवडाभर जगली होती. इथे तोंड मिटून बसली, की पोरगं खांबाआड ते खांबाआडच.

आणि मग तिला ते आठवलं. स्तोत्र!

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या गल्लीतल्या देवळाचं गोपुर दिसे. रोज सकाळी ती डोशाचं पीठ ढवळत असताना तिथून लाउडस्पीकरवर एक गाणं येई. संथ लय, मागे झांजा, बाईचा भरदार आवाज. यामिनी गॅस बारीक करून हात जोडी. अनयलाही जोडायला लावी. अर्थ कळत नव्हता, पण अर्थ कळून कोणाची भक्ती वाढलीय? ऐकून ऐकून ते तिला तोंडपाठ झालं होतं. त्यात 'मक्कुम' आणि 'मक्काद' असे दोन शब्द पुन्हा पुन्हा येत, ते तर तिला बीजमंत्रासारखेच वाटत.

तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं.

कोणाचा तरी चमचा थांबला. आतल्या खोलीतून मामींचे यजमान, सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रमौळी, चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. यामिनीनं डोळे उघडले तेव्हा कीर्तनानं ओढणी तोंडाशी घट्ट धरली होती आणि तिचे डोळे पाण्यानं भरले होते. भारावली बिचारी, यामिनीला वाटलं.

"फार गरजेचं गाणं आहे," चंद्रमौळी गंभीरपणे म्हणाले. "हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. कोणी मनावर घेत नाही."

"खरंय," यामिनी नम्रपणे म्हणाली. "हल्ली लोकांना वेळच नसतो."

"तुम्ही घरी रोज करता?"

"रोज सकाळी. मुलालाही लावलीय सवय."

चंद्रमौळींनी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कीर्तनाचं खास बोलावणं आलं. "आणि ते गाणं हवंच हं!" तिथे मुलंही होती. यामिनीनं पहिली ओळ घेतली मात्र, सगळी पोरं टाळ्या वाजवत तिच्यासोबत म्हणायला लागली. एकूण एक शब्द पाठ! यामिनीचा ऊर भरून आला. आपल्याकडच्या मुलांना साधा श्लोक येत नाही आणि इथे बघा, काय संस्कार! तिनं उत्साहात शेवटची ओळ दोनदा घेतली आणि कोलूला निरांजन ओवाळलं. कीर्तनानं सगळं फोनवर घेतलं. संध्याकाळी ते बिल्डिंगच्या ग्रुपवर आलं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. अनय त्या दिवशी प्रथमच घसरगुंडीवर गेला.

"बघ, गाण्यानं माणसं जोडली जातात," तिनं नवऱ्याला सांगितलं. मकरंद अंबत्तूरला एका कारखान्यात होता. पहाटे जाई, अंधार पडल्यावर येई. 'हं' म्हणून त्यानं भाताला हात घातला.

नवमीला सकाळी यामिनीच्या मनात आलं, ज्या देवीनं एवढं दिलं तिच्या पायांशी आपण अजून गेलोच नाही. अनयला शाळेला सुट्टीच होती. तिनं ताटात झेंडू, शेवंती, नारळ घेतला, अनयचं बोट धरलं आणि मागच्या गल्लीत गेली.

देऊळ शांत होतं. पुजारी पायरीवर पेपर वाचत बसला होता. आणि स्तोत्र तर चालू होतं! ते पाठीमागून येत होतं, आणि जवळ जवळ येत होतं.

यामिनी वळली. गल्लीच्या वळणावरून एक हिरवी, बॅटरीवर चालणारी तीनचाकी डुलत डुलत आली. टपावर कर्णा. मागे दोन मोठे डबे, एक हिरवा, एक निळा. गाडी बरोबर यामिनीपुढे थांबली. चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेली बाई उतरली, तिनं यामिनीच्या हातातलं ताट घेतलं, फुलं हिरव्या डब्यात उपडी केली, नारळ वाजवून बघून परत ठेवला आणि नुसत्या नारळाचं ताट हातात दिलं.

"मक्कुम," ती मान डोलावून म्हणाली. गाडी पुढे गेली.

यामिनी ताट धरून तशीच उभी.

"आई, फुलं मक्कुमच असतात," अनयनं समजावलं. "कुजतात ना. प्लॅस्टिक मक्काद. ते कुजत नाही. टीचरनं शिकवलंय."

"तुला… हे गाणं कशाचं आहे, ते माहीत होतं?"

"हो. कचऱ्याचं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

अनय विचारात पडला. "तू हात जोडायचीस ना. मला वाटलं, तुला कचरा आवडतो."

यामिनी घरी कशी आली, तिलाच आठवेना. दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी रोज वॉचमन खाली नेई, त्यामुळे ती गाडी तिनं कधी पाहिलीच नव्हती. आता एकेक गोष्ट उलगडायला लागली आणि प्रत्येक उलगड्याला तिचे कान नव्यानं तापत होते. कीर्तनाची ओढणी. चंद्रमौळींच्या मीटिंगा. 'रोज करता?' 'मुलालाही लावलीय सवय.' आणि निरांजन! ओला कचरा, सुका कचरा म्हणत म्हणत तिनं देवीला निरांजन ओवाळलं होतं!

मकरंदला तिनं दुपारी फोनवर सांगितलं. बराच वेळ पलीकडून नुसता फसफस आवाज आला.

"हसतोयस?"

"नाही गं. मशीन चालू आहे."

"तू बदली मागून घे. गुम्मिडिपूंडीला आहे ना तुमचं युनिट?"

"घेतो. पण तिथेही कचऱ्याची गाडी असेल गं," मकरंद म्हणाला आणि मग मशीन फारच जोरात चालायला लागली.

त्यात संध्याकाळी त्रिपुरसुंदरींचा कोलू होता. वरच्या मजल्यावरच्या या म्हाताऱ्या बाई तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले, ते आपलं जुनं मराठी बरोबर घेऊन, आणि मग त्यात तमिळचा हेल मिसळत गेला. बिल्डिंगमध्ये यामिनीशी मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. डोकं दुखतंय म्हणून टाळायचं तिनं पक्कं केलं, पण अनय चपला घालून दारात उभा. "सगळे येणारेत, आई. मी ड्रायव्हर आहे."

"कसला ड्रायव्हर?"

"कचरागाडीचा. आम्ही खेळतो ना. मला सगळं पाठ आहे म्हणून मलाच केलंय."

पोराच्या आयुष्यातलं पहिलं पद. ते कसं काढून घ्यायचं? यामिनी मान खाली घालून जिना चढली.

"ये ग लेंकी, बैस," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "अस्के आले अहेत."

खरंच सगळ्या होत्या. आणि कीर्तनानं लगेच हाक दिलीच. "यामिनी, आपलं गाणं?"

"मला… आज सकाळी कळलं," यामिनी कशीबशी म्हणाली. "ते कशाचं आहे ते."

क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग कोणाला कोणाचं आवरेना. कृष्णवेणी मामी पाठ थोपटत हसत होत्या. कीर्तना "सॉरी, सॉरी" म्हणत डोळे पुसत होती. कोणाच्याच हसण्यात विष नव्हतं, पण यामिनीला वाटलं, आपल्यालाही त्या हिरव्या डब्यात कोणी तरी उपडं करावं.

"पुरे," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "आतां माझें ऐका."

हसणं पटकन मावळलं. त्यांचं मराठी पद म्हणजे या कोलूचा मान. चंद्रमौळी ताठ बसले. बायकांनी पदर सावरून हात जोडले. म्हातारीनं डोळे मिटले आणि थरथरत्या, गोड आवाजात संथ सूर लावला:

"ताटीं वड्या थापिल्या गे, त्या कोठें गेल्या गे…
मांजरानें नाहीं नेल्या गे, सुनेनें खाल्ल्या गे…"

यामिनीनं मान वर केली. चंद्रमौळी डोळे मिटून डोलत होते. कृष्णवेणी मामींनी डोळ्यांना पदर लावला. 'सुनेनें खाल्ल्या गे'ला तर एका आजींनी जमिनीवर डोकं टेकवलं. आणि तेवढ्यात त्रिपुरसुंदरींचा एक डोळा हळूच उघडला आणि थेट यामिनीवर येऊन थांबला.

वड्यांचं ताट आणायच्या निमित्तानं त्यांनी तिला आत नेलं.

"मामी, ते पद…"

"हळू बोल! लग्न होऊन या तमिळ घरांत आलों, पैल्याच कोलूंत सासू म्हणाली, गा. मज दुसरें कांहीं येत नव्हतें. आमची आज्जी वड्या करतांना म्हणायची, तें म्हटलें. अस्क्यांनीं हात जोडले. मग काय सांगूं?"

"कोणी अर्थ नाही विचारला? इतक्या वर्षांत?"

"विचारला. देवीचें, म्हटलें." म्हातारीनं वड्यांचं ताट उचललं. "या घरांत मराठी कळणारें कोणी नव्हतें. आतां तूं आलीस."

दोघी बाहेर आल्या, तो चंद्रमौळी वाटच बघत होते. "यामिनी, तुम्ही मराठी आहात. दर वर्षी मनात येतं, त्या पदाचा अर्थ काय हो?"

सगळ्यांचे डोळे यामिनीवर. त्रिपुरसुंदरींचे ताटावर.

"त्यात," यामिनी सावकाश म्हणाली, "असं आहे… की जे आपल्यासमोर होतं, ते सगळं कुठे गेलं? कोणी नेलं? आणि शेवटी कळतं, की ते बाहेरच्या कोणी नेलंच नाही. घरातच होतं."

"केवढं खोल!" चंद्रमौळी पुटपुटले.

"पण आई," खाली बसलेला अनय मोठ्यानं म्हणाला, "ते तर वड्या चोरून…"

त्रिपुरसुंदरींचा हात त्या वयाला न शोभेल इतक्या चपळाईनं खाली आला आणि अख्खी वडी अनयच्या तोंडात गेली. मग त्यांनी ताटात निवडून निवडून सगळ्यांत मोठी वडी उचलली आणि यामिनीच्या तळहातावर ठेवली.