अण्णा डॉक्टरांचं हृदय उजवीकडे जातं

"मला हृदय शिकवणार? मला?" अण्णा डॉक्टर आरशासमोर टायची गाठ मारत म्हणाले. "अगं, तुझ्या त्या शिबिरातल्या तज्ज्ञाला दुधाचे दात होते ना, तेव्हापासून मी लोकांच्या छातीला कान लावतोय!"

"म्हणूनच म्हणते बाबा, आता पुरे," मुलगी म्हणाली. ती स्वतः मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती आणि बापाला उपदेश करायची एकही संधी सोडत नव्हती.

भांडण जुनंच होतं. डॉक्टरांना परवाना टिकवायचा तर अधूनमधून पुन्हा वर्गात बसून गुण मिळवावे लागतात. अण्णांचे गुण कमी पडत होते. त्यात मुलीला वाटत होतं, बाबांनी गल्लीतला तो दवाखाना बंद करून आपल्याकडे राहायला यावं.

अण्णांना ते नको होतं. बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. घरात बोलायला भिंती होत्या, आणि भिंती खोकतसुद्धा नाहीत. दवाखान्यात निदान कोणीतरी "घसा धरलाय" एवढं तरी म्हणायचं.

"बरं, शर्त लावू," मुलगी म्हणाली. "आमच्या इस्पितळातलं आजचं हृदयरोगाचं शिबिर एकही चूक न करता पूर्ण करा. मग दवाखाना बंद करा, हे मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. चुकलात, तर कुलूप!"

"काढ, आत्ताच कुलूप काढ आणि फेकून दे!" अण्णा म्हणाले आणि छाती पुढे काढून निघाले. ती छाती पुढे किती महागात पडणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सभागृह भरलं होतं. हृदयाशी संबंध असलेले डॉक्टर थोडे, गुणांशी संबंध असलेले जास्त. अण्णांच्या एका बाजूला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या, दुसऱ्या बाजूला त्वचेचे डॉक्टर. दिवे मंद झाल्याबरोबर त्वचेच्या डॉक्टरांनी मान टाकली.

व्याख्याता तज्ज्ञ मात्र तडफदार होता. "एक गोष्ट लक्षात ठेवा," तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "रुग्ण म्हणतो, 'मला काही होत नाहीये.' ऐकू नका! हृदयाचा रुग्ण फार खोटं बोलतो. स्वतःशीसुद्धा!"

त्या आपटण्याने त्वचेचे डॉक्टर जागे झाले. त्यामुळे अख्ख्या व्याख्यानातलं तेवढं एकच वाक्य त्यांना कळलं, आणि ते त्यांनी मनावर घेतलं.

तज्ज्ञ बोलून गेला आणि प्रात्यक्षिकाची वेळ झाली. शिबिर चालवणारे डॉक्टर तरुण होते, घामाघूम होते. त्यांनी ईसीजीचं मशीन पुढे ओढलं. "आपल्यापैकी कोणीतरी इथे झोपेल का?"

सगळे एकदम आपापले मोबाईल बघायला लागले. शर्ट काढायचा म्हणजे पोट दाखवायचं, आणि दुसऱ्यांना पोट कमी करा सांगणाऱ्यांची पोटं कशी असतात हे तुम्हाला माहीत आहेच.

अण्णा उठले. "मी झोपतो. आणि तारा मीच लावतो. या हातांनी आजवर एक तार चुकीच्या जागी लावलेली नाही!"

टाळ्या पडल्या. छातीवरच्या तारा, पायांच्या तारा अण्णांनी झपाझप लावल्या. मग हातांचे चिमटे. डोळे मिटूनसुद्धा जमलं असतं, असा तो सराव! आणि अण्णा ऐटीत आडवे झाले.

मशीनमधून कागद बाहेर आला. शिबिरवाल्या डॉक्टरांनी तो बघितला. पुन्हा बघितला. मग उलटा धरून बघितला. अक्षरं उलटी झाली, बाकी काही सुधारलं नाही.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही बोलू नका," ते म्हणाले. पेशंटला घाबरवायचं असेल तर यापेक्षा चांगलं वाक्य नाही.

सगळं सभागृह पलंगाभोवती जमलं.

"सगळं उलट दिसतंय! यांचं हृदय उजवीकडे आहे!" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"किंवा मोठा झटका येऊन गेलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"किंवा दोन्ही!" लहान मुलांचे एक डॉक्टर फारच उत्साहाने म्हणाले.

त्वचेच्या डॉक्टरांनी कोणाचा तरी स्टेथोस्कोप ओढून अण्णांच्या उजव्या अंगाला लावला. "येतोय! इकडून आवाज येतोय!"

"तो माझ्या पोटाचा आहे!" अण्णा ओरडले. "जेवायची सुट्टी कधी होणार आहे? अहो, मला काही होत नाहीये!"

झालं! सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. हेच ते वाक्य!

"रुग्ण फार खोटं बोलतो," त्वचेचे डॉक्टर हळूच म्हणाले.

त्यानंतर अण्णांच्या तोंडात गोळी कोंबली गेली, नाकावर ऑक्सिजन बसला आणि पलंगाला चाकं असल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं. "मी चालतो की!" अण्णा म्हणाले. "एक पाऊलसुद्धा नाही!" चार आवाज एकदम आले. मशीनसकट, तारांसकट वरात लिफ्टमध्ये शिरली. कोणीतरी मुलीला फोन केला. "घाबरू नका, पण ताबडतोब या," असं सांगितलं. म्हणजे ती घाबरणारच.

लिफ्टमध्ये अण्णांना पहिल्यांदा शांतपणे स्वतःकडे बघायला मिळालं. छातीवर जोडलेले हात, हातांना चिमटे. अण्णा बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी चिमटे लावले ते समोरच्या माणसाला. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. आज समोर कोणी नव्हतं, तरी हात सवयीने चालले होते. उजव्याची तार डाव्याला, डाव्याची उजव्याला!

अण्णांना दरदरून घाम फुटला.

"घाम!" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "घाम आला! लवकर चला!"

बोलावं की गप्प बसावं? बोललं तर शर्त गेली, दवाखाना गेला. गप्प बसलं तरी हृदयाच्या पेशंटला दवाखाना कोण चालवू देणार? पण अण्णांनी हिशेब केला, हृदयाने दगा दिला तर लोक हळहळतात. हाताने दगा दिला तर म्हणतात, म्हातारा झाला! ते गप्प बसले.

तातडीच्या विभागात कोणीतरी म्हणालं, "मांडीतून हृदयापर्यंत नळी घालून बघू." अण्णांनी मांडी आवळून घेतली, पण तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात मुलगी आली. धावत आली होती, एक चप्पल जिन्यातच राहिली होती. तिने कागद हातात घेतला. दिवसाला ढीगभर असे कागद वाचणारी ती, पण आज तिला एक रेघ धड दिसेना. तिने कागद टाकला आणि बापाचा पाय धरला.

"बाबा, तुम्ही पण नका ना जाऊ," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

अण्णांनी नाकावरचा ऑक्सिजन काढला. "अगं, तारा."

"काय?"

"उजवी डावीकडे. डावी उजवीकडे. मीच लावल्यात."

मुलीने त्यांचे हात बघितले. चिमटे बदलले आणि बटण दाबलं. कागद आला. इतका सरळ, इतका साधा, की भिंतीवर लावावा! ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि तोंडावर पदर असल्यासारखा पांढरा कोट ओढून हसली, रडली, पुन्हा हसली. मग उठून कमरेवर हात ठेवले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"लिफ्टमध्ये."

"आणि नळी घालेपर्यंत गप्प बसणार होतात?"

"छे, छे! नळी दिसली असती की सांगितलं असतं!"

शिबिरवाले डॉक्टर घसा साफ करत पुढे आले. "अण्णा, एक अडचण आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी तुम्ही रुग्ण होतात. रुग्णाला गुण देता येत नाहीत."

अण्णांचा चेहरा पडला. पण मुलगी वळली. "आणि तुम्हाला देता येतात? इतक्या जणांनी कागद बघितला. एकाने तरी यांचे हात बघितले?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई छताकडे बघायला लागल्या. अण्णांना गुण मिळाले.

घरी जाताना गाडीत अण्णाच म्हणाले, "शर्त हरलो मी. कुलूप आण."

"हरलातच," मुलगी म्हणाली. "पण भरल्या वॉर्डात 'मी चुकलो' म्हणणारा डॉक्टर मला अजून भेटायचाय. उशिरा का होईना, तुम्ही म्हणालात. असू दे तुमचा दवाखाना."

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात पोचले तर बाहेर ही गर्दी! बातमी त्यांच्या आधी येऊन बसली होती. पहिला नंबर कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशींचा.

"डॉक्टर, तुमचं हृदय उजवीकडे निघालं म्हणे?"

"नाही हो मावशी, तारा उलट्या लागल्या होत्या."

"आमच्यापासून कशाला लपवता? तुमचं तोंड बघूनच कळतंय." मावशी खुर्ची ओढून जवळ सरकल्या. "पण एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही माझं डावीकडेच तपासता. उजवीकडे कधी बघितलंत?"

"तिकडे काय बघायचं?"

"तुमच्याही तिकडे काय होतं कालपर्यंत?"

अण्णांनी स्टेथोस्कोप उजवीकडे लावला.

"आहे काही?"

"काही नाही."

"बघा! आता कशी खात्री झाली!" मावशी समाधानाने उठल्या आणि दारातून बाहेरच्या गर्दीला ओरडून म्हणाल्या, "दोन्हीकडून तपासून घ्या गं! मागितल्याशिवाय करत नाहीत!"

दुपार कलायला लागली तेव्हा मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात का?"

"कुठलं जेवण!" अण्णा फोन खांद्यात धरून म्हणाले. "अजून निम्म्या गल्लीची उजवी बाजू राहिलीय!"