एका झोपाळ्याची बाग

लेकरांच्या सुरक्षिततेबद्दल दुमत असणारा माणूस आमच्या एल्म फोर्क गावात अजून जन्माला यायचा आहे. सगळ्यांचं मत एकच असल्यामुळे विचार करायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

म्हणूनच कर्टिस स्कॉग्स्टाड तुरुंगातून सुटून आईच्या तळघरात राहायला आला, तेव्हा गावच्या परिषदेने एका बैठकीत नियम करून टाकला: लैंगिक गुन्ह्यासाठी सरकारी नोंद झालेल्या माणसाने मुलं जमतात त्या जागेपासून दोन हजार फुटांच्या आत राहू नये. (कर्टिसचा गुन्हा खरा होता आणि शिक्षा त्याने पुरती भोगली होती. यावरही दुमत नव्हतं.) 'राहणे' म्हणजे रात्री झोपणे, असा खुलासा वकिलाने केला. (तो ऐकता ऐकता दोन सभासद, याच व्याख्येनुसार, सभागृहात राहू लागले.)

मुलं जमतात कुठे? शाळा, चर्च, वाचनालय, आइस्क्रीमचं दुकान, स्कूलबसचे थांबे आणि दातांचा डॉक्टर. (तिथे मुलं खुशीने जमत नाहीत, पण जमतात.) सभापती डेल ब्रुनर यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे मोजमापाचा विषय आपोआप त्यांच्याकडे गेला. त्यांच्या बायकोची केक भाजायची थाळी नकाशाच्या मापाने दोन हजार फुटांच्या वर्तुळाला नेमकी बसली. थाळी उपडी ठेवायची, पेन्सिल फिरवायची. इतका शास्त्रशुद्ध कारभार गावात पूर्वी झालेला नाही.

वर्तुळांनी गाव झाकलं. एक फट उरली. त्या फटीत कर्टिसच्या आईचं, व्हर्नाबाईंचं घर निघालं.

"दुसरीत तुला वर्तुळ काढायला मीच शिकवलं, डेल," व्हर्नाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "तेव्हाही तुझं कुठेतरी सुटायचंच."

"बाई, यात वैयक्तिक काही नाही हो."

"अख्ख्या नकाशावर एकच घर उरलंय आणि त्यात माझा पोरगा आहे. अजून किती वैयक्तिक करणार आहेस? त्याला दुसरीकडे कोण घेणार रे?"

मागच्या खुर्चीवरून पोलीस शिपाई हॅनकने हात वर केला. "आता या क्षणी कर्टिस कुठे आहे ते मला माहीत आहे. वॉशिंग मशीनशेजारी. पायातला पोलिसांच्या पाळतीचा पट्टा तिथल्या प्लगला लावून चार्ज करत बसलाय. चार्ज उतरला की पट्टा ठावठिकाणा सांगत नाही. उद्यापासून शोधू कुठे?"

"तो प्रश्न आजच्या विषयपत्रिकेवर नाही," डेल म्हणाले.

फट बुजवायला बाग करायचं ठरलं. शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत घालून वर्गणी जमवली आणि व्हर्नाबाईंच्या घरासमोर बाग उभी राहिली: बारा फूट लांब, बारा फूट रुंद. एक बाक, एक दिव्याचा खांब, खांबाला नाताळच्या माळांसाठी प्लग आणि एक झोपाळा. (झोपाळा एकच, कारण दहा लावले तरी वर्तुळ तेवढंच निघतं.)

उद्घाटनाला मुलं आली नाहीत. "त्या घरासमोर? वेड लागलंय का?" आयांनी विचारलं. फोटोसाठी मग डेल स्वतःच झोपाळ्यावर बसले. साखळी त्यांच्याच दुकानातली, टिकली.

कर्टिस जुनी व्हॅन घेऊन निघाला. तो शेजारच्या गावांत राहू शकला नाही, कारण थाळ्या त्यांच्याकडेही आहेत.

"रात्री कुठे असतो रे तो?" व्हर्नाबाईंनी हॅनकला विचारलं.

"बाई, मी तेच तुम्हाला विचारायला आलो होतो."

आता पोलिसांच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की आसपास असे किती जण राहतात तो आकडा येतो. आमच्या गावाचा शून्य येतो. जेवणं झाली की आम्ही तो एकदा पाहतो आणि दिवे मालवतो. तुम्हीही आपला पत्ता टाकून पाहा. शून्य आला तर निर्धास्त झोपा.

दिवसा कर्टिस बागेत असतो. पट्टा चार्ज व्हायला वेळ लागतो आणि गावात फुकटचा प्लग त्या खांबालाच आहे. दुपारी व्हर्नाबाई रस्ता ओलांडून त्याला सूप आणून देतात. हॅनकने नियम दोनदा वाचून पाहिला. नियम झोपण्यापुरता आहे, आणि बाकावर कर्टिस टक्क जागा असतो.