विसावी तक्रार

सोमवारी संध्याकाळी फळ्यावर ‘तक्रारीचे पत्र’ असं मोठ्या अक्षरांत लिहून बाई वर्गाकडे वळल्या, तेव्हा त्यांच्या पायांत सकाळच्या दोन शाळा आणि दुपारची एक शिकवणी मुरलेली होती. परदेशात येऊन इंग्रजी शिकवायला लागल्याला त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत बसायला मिळालं ते फक्त बसमध्ये.

संध्याकाळचा वर्ग मोठ्या माणसांचा. एकोणीस जण. एक बसड्रायव्हर, एक नर्स, एक न्हावी, धोबीखान्यातल्या दोघी बहिणी, अशी दिवसभर राबून आलेली मंडळी. शेवटच्या बाकावर औषधांचं दुकान मुलाकडे सोपवून आलेले एक आजोबा बसत. दोन वर्षांत ते वर्गात ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे गेले नव्हते. बाई त्यांना मनातल्या मनात ‘मौनीबाबा’ म्हणत.

“तक्रार कुणाविरुद्ध करायची?” बाईंनी विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकलं, “माझ्याविरुद्ध करा. विषय सगळ्यांच्या माहितीतला.”

मंडळींनी उचललेली पेनं परत खाली ठेवली.

“तुमच्याविरुद्ध कशी करणार, बाई?” नर्स म्हणाली. “तुम्ही तर इतक्या...”

“चांगली आहे, माहितीये. पण समजा, नाहीये. समजा, मी रोज उशिरा येते, गृहपाठ तपासत नाही आणि वर्गात डुलक्या काढते.”

धोबीखान्यातल्या बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या आणि वर्गाची भीड चेपली. बाईंनी नमुना फळ्यावर लिहून दिला. शेजारी पायऱ्याही लिहिल्या: मसुदा, तपासणी, स्वच्छ प्रत, पाकीट, टपाल.

“पत्ता कुणाचा घालायचा?” ड्रायव्हरने विचारलं.

“आपल्याच शाळेचा. संचालिकांच्या नावे. आणि एक सांगते, अर्धवट काम मला चालत नाही. पाचही पायऱ्या झाल्या पाहिजेत.”

टपाल म्हणजे पाकिटावर कोपऱ्यात तिकिटाचा चौकोन काढायचा, असं बाईंच्या मनात होतं. मनातलं फळ्यावर यायचं राहिलं, कारण घंटा झाली आणि शेवटची बस सात मिनिटांत होती.

घरी जेवताना नवऱ्याने आठवण करून दिली, “शुक्रवारी तुझ्या कराराचं आहे ना?”

होतं. या संध्याकाळच्या शाळेतला करार वाढला तर राहायचा परवाना वाढणार होता. बाईंच्या परवान्याला नवऱ्याचा परवाना बांधलेला, आणि दोघांच्या परवान्यांना लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष. परीक्षा तीन महिन्यांवर होती. करार नाही वाढला तर महिनाअखेरीला बोचकी बांधायची आणि पोरीने वर्ष सोडून द्यायचं.

“आई, शुक्रवारी तुझं...” लेक म्हणाली.

“होईल गं नीट. काळजी नको करूस. बाराला बोलावलंय, साडेबाराला मोकळी. तुला लगेच फोन करते.”

“मी विचारत होते, शुक्रवारी तुझं निळं जॅकेट मी घालू का?”

मंगळवारी बाईंनी एकोणीस मसुदे बसमध्ये, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर वही ठेवून, लाल पेनाने तपासले. बस वळली की लाल रेघही वळायची. वाचताना त्यांचं सगळं लक्ष स्वल्पविरामांवर होतं. प्रत्येक कागदाखाली ‘छान’ लिहिलं आणि संध्याकाळी परत वाटले. मंडळींनी वर्गातच स्वच्छ प्रती काढल्या, पाकिटं चिकटवली.

“झालं का सगळ्यांचं?” बाईंनी विचारलं. “झालंच असणार. चला, पुढचा धडा.”

पाचवी पायरी राहिली होती ती ड्रायव्हरने अंगावर घेतली. त्याच्या बसचा तिसरा थांबा पोस्टापाशीच होता. बुधवारी सकाळी त्याने प्रवाशांना दोन मिनिटं थांबवून घेतलं, एकोणीस तिकिटं लावली आणि पत्रं पेटीत टाकली. बाईंना अर्धवट काम चालत नाही, हे त्याने चांगलंच लक्षात ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी शाळेच्या कार्यालयातून कारकूनबाईंचा फोन आला. या कारकूनबाई म्हणजे नियमांची चालती पोथी. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असत.

“तुमच्याविरुद्ध तक्रारी आल्यात.”

“तक्रारी? किती?”

“एकोणीस. बहुतेकांत लिहिलंय, तुम्ही उशिरा येता, गृहपाठ तपासत नाही आणि डुलक्या काढता.”

बाईंना आधी हसू आलं, मग घाम. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. कारकूनबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“असेल हो. पण नोंद झालीये. प्रत्येक पत्रावर शिक्का बसलाय, क्रमांक पडलाय. नोंदलेल्या सगळ्या तक्रारी कराराच्या फायलीत जातात. उद्या मॅडमच्या पुढे.”

“मग त्या काढता येणार नाहीत?”

“तक्रारदाराने स्वतः, लेखी, मागे घेतली तर येते.” मग जरा आवाज खाली करून त्या म्हणाल्या, “डुलक्या खरंच काढता का? नाही, जवळजवळ अख्खा वर्ग म्हणतोय म्हणून विचारलं.”

त्या दिवशी संध्याकाळी बाईंना वर्गात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. ज्या बसमध्ये त्या अडकल्या होत्या ती त्यांचाच ड्रायव्हर चालवत होता, म्हणून दोघंही एकदमच वर्गात शिरले. बाईंनी घाईघाईने सगळा घोळ समजावला. वर्गाचे चेहरे उतरले. धोबीखान्यातली धाकटी रडायच्या बेताला आली.

“रडू नका, वेळ नाही. आता तक्रार मागे घेतल्याचं पत्र. कसं लिहायचं? असं लिहायचं.” आणि बाईंनी फळ्यावर नमुना उतरवला: मी ही तक्रार कुणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने मागे घेत आहे.

मंडळींनी माना खाली घालून लिहिलं. बाईंनी पत्रं गोळा केली आणि दाराशी उभ्या राहून, इतक्या वर्षांच्या सवयीने, लाल पेनाने तपासून टाकली. कुठे अक्षर गाळलेलं होतं ते घातलं, तारीख दुरुस्त केली, खाली ‘छान’ लिहिलं. मग धावत कार्यालय गाठलं. कारकूनबाई कुलूप लावायला निघाल्या होत्या.

त्यांनी पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं उजेडात धरलं.

“अहो बाई, ‘कुणाच्याही दबावाशिवाय’ हे सगळ्यांनी एकाच शब्दांत लिहिलंय. आणि वर तुम्ही ते लाल शाईने दुरुस्त करून घेतलंय.”

“सवयीने हो...”

“शिवाय ही अठराच आहेत. एक जण मागे घेत नाहीये.”

शुक्रवारी बाराला बाई संचालिकांसमोर बसल्या. टेबलावर दोन गठ्ठे होते. संचालिका कमी बोलणाऱ्या आणि हळू बोलणाऱ्या. एक एक शब्द तोलून टाकत.

“तुम्ही...” त्यांनी सुरुवात केली.

“मी सगळं सांगते,” बाई म्हणाल्या आणि सोमवारच्या फळ्यापासून गुरुवारच्या लाल पेनापर्यंत एका दमात सांगून गेल्या.

“मी विचारणार होते, तुम्ही पाणी घेणार का,” संचालिका म्हणाल्या.

बाईंनी पाणी घेतलं.

“अठरा पत्रांचं मला कळलं. ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. पण हे एकोणिसावं बघा.” संचालिकांनी एक कागद पुढे सरकवला. अक्षर औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं बारीक आणि नेटकं होतं. मजकूर फळ्यावरचा नव्हता. ‘आमच्या बाई मनाने फार चांगल्या आहेत. पण त्या प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. मी वाक्य जुळवतो, तोवर ते बोलून झालेलं असतं. दोन वर्षं मला एक अख्खं वाक्य बोलायचं आहे.’

हा मसुदा आपण बसमध्ये तपासल्याचं बाईंना आठवलं. दुसऱ्या ओळीतला स्वल्पविराम त्यांनीच घातला होता. काय लिहिलंय, ते मात्र आज पहिल्यांदा वाचत होत्या.

“हे...” संचालिकांनी सुरुवात केली.

“खरं नाही हो, मॅडम. म्हणजे ते बोलतच नाहीत म्हणून मी...” बाई थांबल्या. संचालिका त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या. अजून त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

“खरं आहे,” बाई हळूच म्हणाल्या.

“करार मी आत्ता बाजूला ठेवते. आज संध्याकाळी मी वर्गात मागे बसेन. तुम्ही एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. बघू.”

लेकीचा फोन दोनदा येऊन गेला. बाईंनी तो उचलला नाही. काय सांगणार?

संध्याकाळी संचालिका शेवटच्या बाकावर, आजोबांशेजारी बसल्या. बाईंनी विचारलं, “हा आठवडा कसा गेला?” आणि दोन्ही ओठ घट्ट मिटून त्या टेबलाला टेकल्या.

एक मिनिट गेलं. कुणीच बोलेना. बाईंच्या ओठांशी उत्तरं येऊन थांबली होती. त्यांनी टेबलाची कड धरली. दीड मिनिट झालं. नर्सने आपल्या पेशाला धरून बाईंचा चेहरा निरखला आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरने उठून खिडकी उघडली. न्हाव्याने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. मग तर वर्गाची खात्रीच पटली, की बाईंना काढून टाकलंय आणि बोलायचीही बंदी घातलीये.

शेवटचा बाक करकरला. आजोबा उभे राहिले. त्यांनी कोट नीट केला, घसा साफ केला. एक शब्द आला, मग बरीच उसंत, मग दुसरा. बाईंना तिसरा शब्द कोणता येणार हे कळलं होतं. त्यांनी जीभ दाताखाली धरली. आजोबा वाट काढत राहिले. आणि अखेर, शेजारी बसलेल्या संचालिकांकडे वळून, त्यांनी एक अख्खं इंग्रजी वाक्य पुरं केलं.

“मॅडम, माझी तक्रार आहे की आज आमच्या बाई बोलत नाहीत.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळे पुसले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

संचालिकांनी पर्समधून कराराचा कागद काढला, बाकावर ठेवून सही केली आणि आजोबांकडे पाहून आपल्या नेहमीच्या संथपणे म्हणाल्या, “ही तक्रार लेखी द्यावी लागेल.”